ओठ फुटतात ते जिभेपायी

साताऱ्याहून एका सायकलवाल्या वाचकाचं पत्र आलंय. चांगलंच लांब आहे, म्हणून कामापुरतं देते.

"ताई, नमस्कार. वय 34, बँकेत नोकरी, तीन वर्षं सायकल चालवतोय. डिसेंबरात 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) झाली, जानेवारीत 300 ची केली. पुणे ते उंब्रज आणि परत. पाय, पाठ, बूड सगळं शाबूत राहिलं, वाट लावली ती ओठांनी. उंब्रजला मिसळ मागवली आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. फोनमध्ये तोंड बघितलं तर खालच्या ओठाला मधोमध चीर! परतीला बाटलीच्या तोंडाला रक्त लागत होतं. पुढे नीट खाल्लंच नाही, शेवटचे 60 किलोमीटर कसेबसे ओढले, साडेसतरा तासांत पोचलो. ग्रुपवर विचारलं तर सगळ्यांचं एकच, पाणी कमी पडलं. मी मोजून नऊ लिटर प्यायलो होतो! मेडिकलमधून थंडावा देणारा लिप बाम घेतला होता, तो दर अर्ध्या तासाला लावत होतो, तरी ही गत. आजी म्हणते बेंबीत तेल घाल. बायको विचारते, लिपस्टिक लावून सायकल चालवणार का आता? मार्चमध्ये 400 ची आहे आणि सप्टेंबरात मित्रांबरोबर लेहहून खारदुंग ला खिंडीत जायचंय. काय करू?"

भाऊ, आधी त्या नऊ लिटरचं बोलू. साडेसतरा तासांत नऊ लिटर म्हणजे तासाला अर्धा लिटर. जानेवारीतल्या राइडला हे छान आहे, त्यात काही कमी पडलेलं नाही. "पाणी पी" हा आपल्याकडे सगळ्या दुखण्यांवरचा सल्ला आहे, पण पोटातलं पाणी ओठाच्या वरच्या पापुद्र्यापर्यंत पोचून त्याला ओला ठेवत नाही. पाणी खरंच कमी पडलं तर लाळ चिकट होते, तोंड कोरडं पडतं आणि माणूस ओठ जास्त चाटतो. पाण्याचा संबंध आहे तो एवढाच. उलट ग्रुपचं ऐकून 400 ला तहान नसतानाही पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरून भलतंच दुखणं मागे लागेल. तहानेप्रमाणे प्या, मिठाची सोय ठेवा आणि ओठांचा हिशोब वेगळा मांडा.

तो हिशोब असा. आपल्या अंगाच्या कातडीला तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात, घामाच्याही असतात. ओठाच्या लाल भागावर घामाच्या ग्रंथी नाहीत आणि तेलाच्या जवळजवळ नाहीतच. वरचा थर गालाच्या मानाने फार पातळ, आणि उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्यही तिथे थोडंच. म्हणजे निसर्गाने अंगावर सगळीकडे रेनकोट दिला आणि तोंडाच्या दाराशी नुसता मलमलचा पडदा लावून ठेवला. आता ह्या पडद्यावर तुम्ही काय काय घातलंत ते बघा. पहाटे पाचची थंडी, ताशी 25 किलोमीटरने सायकल हाणताना तोंडावर येणारा वारा, खंबाटकीच्या चढाला आ वासून घेतलेला श्वास (तिथे नाकाने श्वास घेणारा माणूस मला अजून भेटायचाय), आणि नंतर देशावरची जानेवारीतली ती कोरडी दुपार, जिच्यात दोरीवरचा टॉवेल तासाभरात पापडासारखा होतो. त्यात जानेवारीत सूर्य दक्षिणेला कललेला आणि तुम्हीही निघालात दक्षिणेलाच. उंब्रज येईपर्यंत तो तोंडावरच होता. खालचा ओठ पुढे आलेला आणि वर वळलेला, त्यामुळे ऊन झेलायला तो कायम पुढे. तुमची चीर खालच्याच ओठाला पडली, ती उगाच नाही.

पण एवढ्यानेही ओठ नुसते कोरडे पडतात. ते फुटतात ते आपल्या जिभेपायी.

कोरडं वाटलं की आपण जीभ फिरवतो. दोन मिनिटं बरं वाटतं. मग ती लाळ वाऱ्याने उडून जाते आणि जाताना ओठातली ओलही घेऊन जाते. शिवाय लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे, जेवण पचवायला सुरुवात करणारे रस तिच्यात असतात. भाकरीवर चालतात तेच ओठाच्या पातळ थरावरही थोडेफार चालतात. ओठ आणखी कोरडे, जीभ आणखी वेळा बाहेर. घरी बसून हा खेळ दिवसभरात वीस वेळा होत असेल, तर सायकलवर किती वेळा होतो हे पुढच्या रविवारी मोजून बघा. मी एकदा पसरणी घाट चढताना मोजायला घेतलं होतं. वाईहून निघाल्यावर पहिल्याच मोठ्या वळणापर्यंत तीस झाले, मग माझी मलाच लाज वाटून मोजणं सोडलं.

चाटायला आपण कारणंही पुरवतो. तुमच्या पत्रात मी गाळलेल्या भागात खाऊची यादी आहे: खारे दाणे, लिमलेटच्या गोळ्या, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, लिंबाच्या चवीचं इलेक्ट्रोलाइट. पोटाच्या दृष्टीने यादी उत्तम. ओठाच्या दृष्टीने बघा, मीठ, आंबट, मीठ, आंबट. दाण्याचं मीठ ओठावर राहतं, घामाचं मीठ मिशीवरून उतरतं, गोळीचा चिकटपणा कडेला बसतो आणि हे सगळं साफ करायला हाताशी एकच फडकं, ते म्हणजे जीभ. दुसरं फडकं ग्लोव्हजच्या अंगठ्यावर असतं, तो टॉवेलसारखा कापडाचा तुकडा. नाक, घाम, तोंड सगळं त्यालाच पुसायचं. शंभर किलोमीटरनंतर तो तुकडा मिठाने आणि धुळीने कडक झालेला असतो. घासायचा कागदच म्हणा. नाकाला खुशाल वापरा, ओठांना लावू नका.

आता तुमचा बाम. चूक सगळ्यात जास्त इथे झाली आणि ती तुमची एकट्याची नाही. थंडावा देणाऱ्या बाममध्ये मेन्थॉल असतं, बऱ्याचदा कापूर असतो, कधी पेपरमिंटचं किंवा दालचिनीचं तेल. लावलं की गार वाटतं, झिणझिण्या येतात, आपल्याला वाटतं औषध लागू पडलं. खरं तर फुटलेल्या ओठाला ते टोचत असतं. टोचलं की चाटायचं, चाटलं की पुसलं जायचं, पुसलं गेलं की परत लावायचं. दर अर्ध्या तासाला लावावा लागतो तो बाम काम करत नाहीये, एवढं त्यावरून ओळखावं. माझं सांगायचं तर मी ह्याहून मोठा गाढवपणा केलाय. महाबळेश्वरच्या थंडीत एकदा लिप बाम विसरले आणि डोकं दुखल्यावर चोळायचा बाम ओठांना लावला. त्या संध्याकाळी लोक स्ट्रॉबेरी क्रीम खात होते आणि मी थंड पाण्यात रुमाल बुडवून तोंडावर धरून बसले होते.

डबीवरची सामग्री वाचा. मेन्थॉल, कापूर, फिनॉल, सॅलिसिलिक आम्ल, दालचिनी, "फ्लेवर" ह्यांपैकी काही असेल तर डबी परत ठेवा. चेरी, स्ट्रॉबेरी असल्या चवीचे बामही नकोत, गोड लागतं म्हणून जीभ तिकडेच जाते. तुम्हाला पाहिजे दोनच गोष्टी. एक, साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली, रात्रीसाठी आणि पहाटेसाठी. ती ओठाला नवीन ओल देत नाही, पण असलेली उडू देत नाही, झाकण बसवल्यासारखी. दोन, एसपीएफ 30 किंवा वरचा बिनवासाचा लिप बाम, कांडीच्या रूपातला, दिवसासाठी. कांडी एवढ्यासाठी की डबीत बोट घालावं लागतं आणि त्या बोटाने तुम्ही दहा मिनिटांपूर्वी उतरलेली चेन बसवलेली असते. कांडी ग्लोव्हजसकट लावता येते. फक्त मार्चमध्ये ती उन्हात सायकलच्या वरच्या नळीवरच्या पिशवीत ठेवू नका. माझी एकदा झाकण उघडल्यावर आमटीसारखी बाहेर आली होती. जर्सीच्या मागच्या खिशातही ती अंगाच्या उष्णतेने मऊ पडते. सीटखालच्या पिशवीत, ट्यूबच्या गुंडाळीत ठेवली की टिकते.

आजीचं तेल. बेंबीपासून ओठापर्यंत तेल जाईल अशी वाट मोठ्या माणसाच्या शरीरात नाही, हे आजीला सांगायच्या फंदात पडू नका. माझी आजी रात्री बेंबीत तेल घालायची आणि बोटाला उरलेलं तेल पुसायला फडकं कुठे शोधायचं, म्हणून ते बोट आमच्या ओठांवरून फिरवायची. गुण त्या बोटाचा होता. साजूक तूप, खोबरेल, कोकणातलं कोकमाच्या बियांचं तेल (कुठे मुठेल म्हणतात, कुठे भिरंडेल) ही सगळी रात्री झोपताना लावायला चांगली आहेत. भिरंडेलाचा तर घट्ट गोळाच मिळतो, टाचांच्या भेगांना लावतात तोच, अंगाच्या उबेने वितळतो आणि ओठावर बराच वेळ टिकून राहतो. खोबरेलाचा त्रास एवढाच की ते 24 अंशांच्या खाली थिजतं आणि पहाटे कात्रजच्या पुढे बाटली कितीही दाबा, थेंब पडत नाही. पण ह्यांतलं एकही उन्हाला भरवशाने अडवत नाही. सूर्य वर आला की कांडी काढायचीच.

मार्चच्या 400 ला हे कसं बसवायचं ते सांगते. 27 तासांची मुदत आहे, म्हणजे तुम्ही बहुतेक एक अख्खी रात्र रस्त्यावर काढणार. आदल्या तीन-चार रात्री झोपताना जेलीचा जाड थर लावा. ओठ आधीच फुटलेले घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभं राहणं म्हणजे पंक्चर ट्यूब घेऊन निघण्यासारखं आहे. राइडच्या पहाटे टूथपेस्टचा फेस नीट धुऊन काढा, पुदिन्याची पेस्ट ओठाच्या कडेला वाळली की तीच तासाभराने चुरचुरते. मग जेली लावा आणि वर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) नाकापर्यंत ओढा. श्वासाने बफ आतून ओला झाला की मात्र खाली घ्या, ओलं कापड वाऱ्यात ओठांवर घासत राहिलं तर ते जिभेचंच काम करतं. उजाडलं की कांडी. त्यानंतर दर दोन तासांनी, आणि प्रत्येक खाण्यानंतर, गरज वाटो न वाटो. ओठ कोरडे वाटायची वाट बघितलीत की जीभ तुमच्या आधी तिथे पोचलेली असते. सायकलच्या मीटरला पाण्याची आठवण करून देणारी घंटी लावता येते, तिच्यावरच हे लादा, नाहीतर वाटेतल्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, ब्रेव्हे (बीआरएमचंच दुसरं नाव) कार्डावर शिक्का पडला की कांडी, असा नेम ठेवा. शिक्का कुणी विसरत नाही.

खाण्यानंतरची पद्धत महत्त्वाची. दोनपैकी एका बाटलीत साधंच पाणी ठेवा. खाऊन झालं की त्याच्या घोटाने ओठ धुवा, रुमालाने टिपा, घासू नका, आणि मग लावा. मिठावरच बाम फासलात तर मीठ आत कोंडून राहतं. इलेक्ट्रोलाइटची बाटली तोंडाला न लावता वरून पिळता आली तर उत्तम. आपल्याकडे वरून पाणी प्यायची सवय सगळ्यांना असते, ती सायकलवर बसलं की कुठे जाते कोण जाणे. रात्र झाली की परत जेली आणि बफ. हेल्मेटच्या आत पुढे छोटी चोच असलेली सायकल कॅप घातलीत तर दुपारच्या उन्हात नाकापर्यंत सावली पडते, ओठालाही तिचा थोडा फायदा होतो.

आणि एवढं करूनही ओठ उलले तर पापुद्रा दातांनी ओढू नका. आपण तो सोलतो तेव्हा तो सुटलेल्या जागेवर थांबत नाही, चांगल्या कातडीपर्यंत फाटत जातो. धुवा, टिपा, जेली, बस. घरी आल्यावर आठवडाभर मसालेदार आणि आंबट बाजूला ठेवा.

तुमच्या पत्रातल्या चिरेबद्दल मला काळजी वाटत नाही. पण काही खुणा वेगळ्या असतात. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडून त्या पांढऱ्या-लाल आणि ओल्या राहत असतील तर बऱ्याचदा तिथे बुरशी किंवा जंतू असतात, कधी अंगात लोह किंवा ब जीवनसत्त्व कमी असतं. बामने ते जात नाही. ऊन खाल्ल्यावर दोन दिवसांनी ओठाच्या कडेला पाण्याच्या फोडांचा झुबका येत असेल, ज्याला आपल्या घरांत "ताप मुतला" म्हणतात, तर ती नागिणीच्या विषाणूच्या भावंडाची करामत आहे. उन्हाने ती डिवचली जाते. ज्यांना हे वारंवार होतं त्यांनी लांबच्या राइडआधी डॉक्टरांना विचारावं, त्यावर गोळ्या असतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ फुटणं त्या औषधाचाच भाग आहे. आणि खालच्या ओठावर एकाच जागी खरबरीत पांढरट चट्टा, जो तीन-चार आठवडे काहीही लावून जात नाही, तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचा म्हणजे दाखवायचाच. वर्षानुवर्षं उन्हात काम केलेल्या माणसांना असा चट्टा येतो आणि तो पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. तंबाखू खाणाऱ्याने तर चार आठवडेही थांबू नये.

लेहचं गणित निराळं आहे. सातारा साधारण 700 मीटरवर, लेह 3,500 वर, आणि खारदुंग ला 5,359 वर. (खिंडीतल्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, पण मोजणीत ते 17,582 भरलं. फोटो काढताना हे कुणाला सांगू नका, मित्र नाराज होतात.) दर हजार मीटर चढलं की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो, म्हणजे ऊन खालूनही येतं आणि कॅपच्या सावलीचा उपयोग राहत नाही. हवा एवढी कोरडी की वर्षाचा पाऊस कसाबसा 100 मिलिमीटर, सातारकरांनी कासला एका रात्रीत तेवढा बघितलेला असतो. तिथे कांडी दर तासाला, वरच्या ओठाला आणि नाकपुड्यांखालीही. दोन कांड्या न्या, एक मित्राला लागतेच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दुसऱ्या दिवशीच खालचा ओठ सुजून असा झाला होता की पुढे तीन दिवस थुकपासुद्धा (तिकडचं नूडल्सचं सूप) गार करून, चमच्याने, ओठ न लावता प्यायले.

तिकडे जाताना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी घ्यायचं ठरलं तर डॉक्टरांना विचारूनच. त्या गोळीने ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, तो ओठ फुटण्याचा प्रकार नव्हे, घाबरून बाम फासत बसू नका. मात्र ओठ निळसर दिसायला लागले आणि बसल्या जागी धाप लागली, तर तिथे ओठांचा विषयच संपला. सायकल गाडीत टाकायची आणि लगेच खाली उतरायचं.

बायकोच्या प्रश्नाला उत्तर: हो, लावणार. पुण्याहून निघालेल्या कुठल्याही ब्रेव्हेत पहिल्या कंट्रोलवर जरा आजूबाजूला बघा, दाढीमिशीवाले धिप्पाड गडी उकिडवे बसून मोबाइलच्या काचेत बघत ओठांना कांडी फिरवत असतात. उलट घरातल्या लिपस्टिकबद्दल चौकशी करा. तिच्यात एसपीएफ असेल तर घाईच्या वेळी तीही चालते, रंगाचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

राहिली उंब्रजची मिसळ. 400 लाही ती वाटेत येणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही पण मला कळतं. ओठ शाबूत असतील तर खुशाल खा. बसण्याआधी ओठांना जेलीचा जाड थर द्या, कट वेगळ्या वाटीत मागवा, आणि लिंबाची फोड शेजारच्याला द्या.